पूर्वी नून तीन वाजता व्हायचा

३ मार्च, सोमवार. सकाळी ८.१०
नवी वही. जुन्या वह्यांत संकल्प फार झाले, म्हणून हिच्यात एकच: काळाच्या इंग्रजी शब्दांवर मराठीत ग्रंथ लिहायचा. सात खंड. सेकंड, मिनिट, अवर, वीक, मंथ, इअर आणि नून. सुरुवात नूनपासून, कारण तो सगळ्यांत लहान दिसतो. पहिला खंड एप्रिलअखेर हातावेगळा.

चौतीस वर्षं सोलापुरातल्या पोरांना ‘नून म्हणजे दुपारचे बारा’ शिकवलं. आता कळतंय की ते अर्धवट होतं. मूळ शब्द लॅटिन, ‘नोना’, म्हणजे नववी. सूर्य उगवल्यापासून मोजलेला नववा तास. म्हणजे आपले दुपारचे तीन! पूर्वी नून तीन वाजता व्हायचा. मग तो बारावर कसा आला? तीन तास अलीकडे त्याला कोणी ओढला? उत्तर माझ्या हातून लागेल असं आतून वाटतं.

दिनक्रम ठरवला. सकाळी डोकं ताजं असतं, म्हणून आठ ते अकरा लेखन. अकराला अंघोळ, मग गळ्यातल्या लिंगाची पूजा, साडेअकराला जेवण. पूजेआधी अन्न नाही हा नियम आहेच. चहा आणि दोन खारी अन्नात धरत नाही.

दु. १२.१० – पहिलाच दिवस. थोडा उशीर.

५ मार्च, बुधवार. दु. १२.४०
निंगव्वानं (माझी पत्नी, वही खासगी आहे, पण ग्रंथकाराच्या रोजनिशीत खुलासे असलेले बरे) तीनदा विचारलं. ती दुधनीची, घरात कानडीच जास्त. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहते आणि विचारते, पूजी आतेन्री? पूजा झाली का, एवढंच. एकेचाळीस वर्षं हा एकच प्रश्न. तिची स्वतःची लिंगपूजा पहाटे साडेपाचला उरकलेली असते. पण माझी पूजा होऊन माझं ताट वाढल्याशिवाय तिनं कधी घास घेतलेला नाही. मी तसं कधी सांगितलेलं नाही. घरचं वळण. शिवाय तिला भूक मुळातच कमी.

नोकरीत होतो तेव्हा साडेआठला पूजा, नऊला जेवण, साडेदहाला शाळा. पूजा अगदी घाईत व्हायची. रिटायर झाल्यापासून सावकाश होते. देवालाही बरं वाटत असणार.

उद्यापासून अकराला उठायचंच.

९ मार्च, रविवार. दु. १.०५
मोठी प्रगती. एका जाड पुस्तकात नून का सरकला याचं कारण सापडलं. पण कारण फारच किरकोळ आहे. म्हणे, तिकडच्या मठांत उपासाच्या दिवशी नवव्या तासाची प्रार्थना झाल्याशिवाय जेवण नसायचं. साधूंना भूक लागायची. मग प्रार्थना थोडी अलीकडे घेतली. मग आणखी थोडी. असं करत करत शे-दोनशे वर्षांत ती बारावर आली आणि तिच्या मागोमाग शब्दही आला.

एका शब्दानं तीन तास सरकायचं, तेही नुसत्या भुकेपायी? पटत नाही. राजकारण असेल, घड्याळं आली असतील, व्यापार असेल. भूक म्हणजे काही कारण नव्हे.

निंगव्वाला वाचून दाखवलं. वांगी चिरत होती. म्हणाली, लई शहाणे होते की ते. जरा वेळानं विचारलं, मग देवाला चाललं का ते? प्रश्न वरवर साधा आहे, पण अभ्यासाच्या दृष्टीनं चांगला आहे. तळटीप द्यावी लागेल. तिला शाबासकी दिली. तिनं विचारलं, पूजी?

१३ मार्च, गुरुवार. दु. १.००
सकाळी तिला डॉक्टरांकडे नेलं. साखर वाढलेली. नवीन गोळी दिली. निघताना डॉक्टरांनी मला थांबवून सांगितलं की ही गोळी जरा कडक आहे, घेतल्यावर जेवण चुकवायचं नाही. मी म्हटलं, आमच्याकडे जेवण चुकत नाही. (उशीर होणं वेगळं, चुकणं वेगळं.)

कागद इंग्रजीत, त्यामुळे समजावणं माझ्याकडे. सकाळी आठ, बिफोर फूड. तिनं विचारलं, आधी म्हणजे किती आधी? कागदावर ते लिहिलेलं नाही, आणि जे लिहिलेलं नाही ते पदरचं सांगणं माझ्या शिस्तीत बसत नाही. म्हटलं, आधी म्हणजे आधी. आठला घे, म्हणजे विसरायला नको. तिनं मान डोलावली. माझ्या इंग्रजीवर तिचा पहिल्यापासून विश्वास.

१७ मार्च, सोमवार. दु. १.२०
उन्हाळा लवकर लागला. निंगव्वाला फार घाम येतो. आज बाराच्या सुमाराला तिचे हात थरथरत होते, ताट पुसताना आवाज व्हायला लागला. लेखनात व्यत्यय. पंख्याखाली बस म्हटलं. बसली. पदरानं कपाळ पुसत बसून राहिली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी पान पुरं करून उठलो.

सोलापूरचं ऊन म्हणजे ऊन. कूलरमध्ये नवीन वाळा घालायचा. उद्याच.

२२ मार्च, शनिवार. दु. १२.५०
शेजारच्या सोजरबाई फाटकापाशी बोलल्या. मूळच्या वैरागच्या. बोलणं रोखठोक. म्हणाल्या, सर, वैनी सकाळधरनं उपाशी हायती की. तुमचं लिवनं काय पळून जातंय व्हय? मी शांतपणे सांगितलं की आमच्या घरात एक पद्धत आहे. त्या म्हणाल्या, पद्धत हाय तर तुमी लवकर आटपा की मग.

शिक्षण नसलं की माणसाला संशोधनाची किंमत कळत नाही. निंगव्वानं मात्र माझी बाजू घेतली. म्हणाली, कडक भाकरी आहे, तिला काय होतंय, संध्याकाळपर्यंत राहते. बरोबर आहे. कडक भाकरी हा आमच्या गावाचा मोठा शोध. तिला वेळ नसतो. केव्हाही खा, कुडुम्‌ वाजते.

तरीसुद्धा उद्यापासून साडेदहा. सोजरबाई बोलल्या म्हणून नव्हे.

३० मार्च, रविवार. गुढीपाडवा. सकाळी ११.१५
काल पुण्याहून भुवनेश्वरी आली. आमची एकुलती एक. पाडवा म्हणून साडेआठलाच पूजा झाली, साडेनऊला सगळ्यांची पानं. निंगव्वानं अर्धी पोळी खाल्ली, वर एण्णेगाई (भरली वांगी) आणि भात. दहा वाजता झोपाळ्यावर बसून लेकीचे केस विंचरत कानडी पद म्हणत होती. कित्येक महिन्यांत असं बघितलं नव्हतं. लेक आली की आईला कसं बरं वाटतं!

भुवी म्हणाली, अप्पा, रोज असंच जेवत जा ना लवकर. अव्वा किती फ्रेश दिसते. मी म्हटलं, ठरलं. उद्यापासून साडेआठ.

३१ मार्च, सोमवार. दु. १.२५
भुवीला स्टेशनवर सोडण्यात सकाळ गेली. आल्यावर लेखनाची भरपाई करावी लागली.

८ एप्रिल, मंगळवार. दु. १.१०
आनंदाची बातमी! गुरुशांत आला होता. माझा वर्गमित्र, बँकेतून रिटायर, आता गल्लीतल्या वाचनालयाचा सेक्रेटरी. उन्हाळी व्याख्यानमालेत एक रविवार रिकामा आहे. बोलणार होते ते गृहस्थ सांगोल्याला डाळिंबाच्या बागेत पाय घसरून पडले. त्यांच्या जागी मी. विषय ‘नून: एका शब्दाचा प्रवास’. तारीख २७ एप्रिल.

तो सकाळी नऊची वेळ म्हणत होता, ऊन व्हायच्या आत. मी म्हटलं, नूनवरचं व्याख्यान नूनलाच व्हायला पाहिजे. बरोब्बर बारा. त्यानं माझ्याकडे बघितलं, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे, मग म्हणाला, बघ बाबा, एप्रिल हाय. प्रतिभावंतांना अशी माणसं भेटायचीच.

निंगव्वाला सांगितलं. खूश झाली. मग दाराला टेकून उभी राहिली, जरा जास्तच वेळ.

१५ एप्रिल, मंगळवार. दु. २.०५
आज एक चमत्कारिक प्रकार झाला. एकच्या सुमारास मी ‘नून’ शब्द एके काळी मध्यरात्रीसाठीसुद्धा वापरत, या भागावर होतो. निंगव्वा आली आणि एकदम ओरडली. काय ते नीट कळलं नाही, कानडी आणि मराठी एकात एक. हातातलं ताट खाली आपटलं. एकेचाळीस वर्षांत तिचा आवाज चढलेला मी ऐकलेला नाही. सोजरबाईंना हाक मारताना त्यांचं नाव आठवेना, ‘ती, ती’ म्हणत बसली.

अंघोळ-पूजा उरकली, जेवलो. जेवल्यावर अर्ध्या तासात पूर्ववत. ताट आपटल्याबद्दल स्वतःच लाजली आणि भांडी घासायला बसली. यावरून तिचा स्वभाव मूळचा चांगला आहे हे सिद्ध होतं. बाकी वय. बासष्ट पूर्ण.

डॉक्टरांना विचारायचं. व्याख्यान झालं की.

२० एप्रिल, रविवार. दु. १.४०
भाषणाचा मसुदा तयार. भुकेचं कारण वगळलं. चाळीस मिनिटांत ते बसत नाही आणि विषयाला हलकेपणा येतो. श्रोते हसतील. त्याऐवजी ‘काळाच्या मापनातील युरोपीय संक्रमण’ असा परिच्छेद घातला. तो मलाही पूर्ण कळलेला नाही, पण वाचताना भारदस्त वाटतो.

गंमत म्हणजे निंगव्वानं विचारलं, त्या साधूंचं सांगणार की नाही? मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, तेच तर बरं होतं की.

पक्कं ठरवलं आणि इथे लिहून ठेवतो: २८ एप्रिल, सोमवारपासून साडेआठला पूजा. काहीही होवो. व्याख्यानाच्या आधी नवीन सवय लावली तर एकाग्रता मोडेल. आठच दिवसांचा प्रश्न.

२७ एप्रिल, रविवार. सकाळी १०.५०
आज तो दिवस. आवाज मोकळा राहावा म्हणून पोट रिकामं ठेवलंय. पूजा परत आल्यावर. एकपर्यंत येतोच. निंगव्वानं शर्टाला इस्त्री केली, कपाळाला विभूती लावून दिली. विचारलं, मीसुद्धा येऊ का ऐकायला? मी म्हटलं, ऊन फार, तुला सोसायचं नाही. गोळी घेतलीस ना? घेतली म्हणाली, आठला. शिस्त म्हणजे शिस्त.

फाटकापर्यंत आली. लवकर या म्हणाली.

२८ एप्रिल, सोमवार. सकाळी ११.३०. दवाखान्याच्या व्हरांड्यात
व्याख्यान उत्तम झालं. एकूण सात श्रोते, पैकी तिघं कूलरसमोरून हलायला तयार नव्हते, तरी सातच म्हणायचे. चाळीस मिनिटांचं भाषण एक तास दहा मिनिटं चाललं. शेवटी एकानं विचारलं की सर, मग बारा वाजता एएम लिहायचं की पीएम? या प्रश्नाला न्याय देण्यात आणखी पाऊण तास गेला. गुरुशांतनं शाल दिली.

घरी आलो तेव्हा तीन वाजून वीस मिनिटं झाली होती.

दोन ताटं मांडलेली. दोन्हींवर पालथी झाकणं. निंगव्वा स्वयंपाकघरात फरशीवर आडवी. उन्हाळ्यात दुपारी ती गार फरशीवर पडते. मला वाटलं, झोप लागलीय. झोपू दे म्हटलं. आधी अंघोळ केली, पूजेला बसलो. कधी नव्हे ती शांतपणे पूजा झाली, कोणी विचारायला आलं नाही. उठून सांगितलं की पूजा झाली. उठली नाही. पुन्हा सांगितलं.

मग सोजरबाई, रिक्षा, दवाखाना. सगळं सोजरबाईंनी केलं. मी शाल घेऊन बसलो होतो, ती का घेतली होती माहीत नाही.

डॉक्टरांनी विचारलं, शेवटचं कधी जेवल्या? मी सांगितलं, शनिवारी रात्री. आणि गोळी? रविवारी सकाळी आठला. त्यांनी लिहिणं थांबवलं. मशीनवर साखर २८ आली होती म्हणे. कधीपासून अशा पडल्या होत्या ते सांगता येत नाही, पण थोडं आधी आणायला पाहिजे होतं, असं म्हणाले. डॉक्टर लोक तसं म्हणतातच.

आज सोमवार, २८. साडेआठला पूजा करायची ठरली होती. लिंग गळ्यात आहे. इथे पाणी कुठून आणायचं कळलं नाही, म्हणून झाली नाही.

१ मे, गुरुवार. दु. १२.१५
शुद्ध आलेली नाही. माझ्या मते उष्माघात. त्रेचाळीस डिग्री होतं. पेपरातही आलंय की वयस्कर लोकांना त्रास होतो. हे भुवीला सांगितलं. ती सोमवारी संध्याकाळीच पुण्याहून आली. तिनं आईचं पांघरूण सारखं केलं. मग विचारलं, अप्पा, तुम्ही त्या दिवशी काही खाल्लं होतं का?

मी नाही म्हटलं.

वही खासगी आहे म्हणून लिहितो. व्याख्यानानंतर वाचनालयात उपमा होता. गुरुशांतनं आग्रह केला. मी खाल्ला. पूजा झालेली नव्हती. दोन प्लेट खाल्ल्या. उपमा गरम होता, वर शेव होती. मी खात होतो तेव्हा अडीच वाजले असतील.

४ मे, रविवार. सकाळी ९.००
डोळे उघडले! भुवीला ओळखलं. बोलणं सगळं कानडी, तेही दुधनीतलं, लहानपणचं. मराठी कुठं गेली कळत नाही. कालचं आज आठवत नाही. डॉक्टर म्हणतात, मेंदूला साखर कमी पडली, काही येईल, काही येणार नाही. मी म्हटलं, सगळं येईल.

नर्सनं पेजेचा चमचा पुढे केला तर तोंड घट्ट मिटलं. भुवीनं प्रयत्न केला, तरी नाही. मग मान वळवून मला शोधलं आणि विचारलं, पूजी आतेन्री?

मी सांगितलं, झाली. तोंड उघडलं. अर्धी वाटी पेज गेली. भुवी बाहेर जाऊन व्हरांड्यात रडली. मला वाटतं आनंदानं.

१२ मे, सोमवार. दु. १२.३०
भुवी तिला पुण्याला घेऊन गेली. तिथे फिजिओथेरपी चांगली आहे. मी सोबत गेलो नाही. भुवीचा फ्लॅट लहान आणि पुण्याची हवा मला मानवत नाही. ग्रंथाचंही काम आहे. चला असं कोणी म्हटलं नाही, पण गडबडीत राहून गेलं असेल.

गाडीत बसताना निंगव्वा मला म्हणाली की भाकऱ्या फडक्यात बांधून ठेवल्यात. ठेवलेल्या नव्हत्या. मी डबा उघडून बघितला.

२५ मे, रविवार. दु. ४.१५. पुणे
दोन दिवसांसाठी आलो. एका दिवसात परत निघालोय. झालं असं की मला बघितल्यापासून निंगव्वा बसेना. स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली. पाय थरथरतात, तरी चौकट धरून उभी. मी जेवलो, ताट दाखवलं, तरी पाच मिनिटांनी विसरते आणि परत जाऊन उभी राहते. भुवीनं दोनदा धरून बसवलं. मग मला बाल्कनीत नेऊन म्हणाली, अप्पा, काही दिवस येऊ नका. तुम्ही दिसलात की ती उपाशी उभी राहते.

तिनं चिडून म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

ठीक आहे. सोलापूरला कामं पडलीतच.

२ जून, सोमवार. दु. १२.४०
नवीन व्यवस्था. तिथे ती जेवायला बसत नाही, आधी विचारते. भुवी, जावई कोणी ‘झाली’ म्हटलं तर मानत नाही. म्हणून रोज बारा वाजता भुवी व्हिडिओ कॉल लावते. मी सांगायचं, पूजा झाली, जेवायला बसलो.

आज नुसतं सांगितलं तर बघत राहिली. चेहऱ्यावरून विश्वास दिसेना. शेवटी भाकरीचा तुकडा मोडून तोंडात टाकला. कुडुम्‌ आवाज झाला. तो ऐकल्याबरोबर तिनं आपल्या ताटातला घास उचलला. भुवी म्हणाली, अप्पा, चावत राहा, थांबू नका. मी अख्खी भाकरी कोरडीच खाल्ली. तिचं जेवण होईपर्यंत.

१५ जून, रविवार. दु. १२.४५
दिनक्रम कसा घड्याळासारखा चाललाय! सातला अंघोळ. साडेअकराला पूजा संपलेली. पावणेबाराला ताट, भाकरी, शेंगाचटणी, समोर पाण्याच्या तांब्याला टेकवून फोन. एक दिवस चुकलेला नाही. म्हणजे जमतं. मनावर घेतलं की मला सगळं जमतं.

भाकऱ्या सोजरबाई आणून देतात. पैसे विचारले तर म्हणाल्या, राहू द्या की सर. आज दारात थांबून म्हणाल्या, आता येळेवर जेवताय न्हवं? मी हो म्हटलं. त्या भाकऱ्या ठेवून गेल्या. 

६ जुलै, रविवार. सकाळी १०.२०
बऱ्याच दिवसांनी नूनचे कागद काढले. ‘काळाच्या मापनातील युरोपीय संक्रमण’ हा परिच्छेद काढून टाकला. त्याचा अर्थ मला कधीच लागला नव्हता. एप्रिलमध्ये वगळलेलं पान शोधून परत लावलं, साधूंचं.

दुरुस्ती: भुकेचं कारण खरं असावं. आता माझी खात्री आहे. कोणीतरी एकानं शेजारच्या साधूचे हात थरथरताना पाहिले असतील आणि म्हटलं असेल, चला, आज जरा आधी करू. दुसऱ्या दिवशी आणखी जरा आधी. त्याला काही शे-दोनशे वर्षं लागायची गरज नव्हती. एक सकाळ पुरली असती.

निंगव्वाच्या प्रश्नाची तळटीप राहिलीच होती. मग देवाला चाललं का ते? तळटीप लिहिली: चाललं. न चालायला काय झालं? मी वाट बघायला लावत होतो, देव नव्हता लावत.

हे तिला वाचून दाखवायचं आहे. बाराच्या फोनवर नको, जेवताना थांबेल. श्रावणात पुण्याला जाऊन समोर बसून. तोवर तिला बरंचसं आठवायला लागेल.

१८ जुलै, शुक्रवार. दु. १२.००
पूजा साडेअकरालाच झाली. ताट मांडलं. आज एण्णेगाई करून बघितली, सोजरबाईंना विचारून. जरा करपली. फोनवर दाखवणार आहे, ती हसेल.

दु. १२.२० – फोन नाही. पुण्यात लाइट गेली असेल.

दु. १२.४५ – मी लावला. भुवी आनंदात होती. म्हणाली, अप्पा, आज मज्जा झाली! मी कॉल लावायला फोन शोधत होते, वळून बघते तर अव्वा जेवायला बसलेली. आपली आपण. विचारलंच नाही हो! सगळं ताट संपवलं. डॉक्टरांना कळवलं, ते म्हणाले, फारच चांगली खूण आहे, आता हीच सवय ठेवा, फोन लावू नका.

मी म्हटलं, वा. म्हटलं, तिला दे जरा. भुवीनं फोन तिच्यासमोर धरला. निंगव्वानं बघितलं. चेहरा छान भरलाय. पाहुण्याकडे बघून हसावं तशी हसली आणि भुवीला कानडीत विचारलं, हे कोण?

भुवीनं घाईनं फोन फिरवला. म्हणाली, होतं असं, दमलीय ती.

आनंदाचीच गोष्ट आहे. तिनं वेळेवर जेवायला पाहिजे हेच तर सगळ्यांना हवं होतं. मलाही.

दु. ३.०० – पूजा झाली आहे. ताट समोर आहे. अजून कोणी विचारलं नाही.